जिवंत माणसाचं नाव

भटवाडी, घाटकोपर
गुरुवार, ४ डिसेंबर १९८६

प्रिय प्रेमा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. मंगळवारी दहिसरला येऊन तुझ्या उशाशी तासभर बसलेली बाई गुरुवारी पत्र पाठवते, म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं नंदकिशोररावांना सांगशीलच. सांग बापडी. पण त्यांच्या आधी तू वाच, आणि एकटी वाच. दुपारी बाळ निजलं आणि विमलाताई पोथी घेऊन गॅलरीत बसल्या की वाच. नंतर कुणाला दाखवायचं आणि कुणाला नाही ते तुझं तू ठरव.

मंगळवारी तू मला एक साधा प्रश्न विचारलास आणि मी 'बघू' म्हणून उठले. इतक्या घाईने उठले, की तुझ्यासाठी आणलेला हळिवाच्या लाडवांचा डबा भरलेलाच परत घेऊन आले. जिन्यात लक्षात आलं, पण पुन्हा वर चढायचा धीर झाला नाही. काल ते लाडू आमच्या बालवाडीतल्या मदतनीस बाईंनी खाल्ले आणि वर मलाच विचारलं, की बाळंतीण तुमची लेक आहे का मी? तुझ्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत देता येईल, पण ते खोटं असेल. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि ते वाचल्यावर तू मला आई म्हणशील की नाही याची मला खात्री नाही. ही भीती पहिल्याच पानावर लिहून टाकते. म्हणजे पुढे तुला वाटायला नको, की ही उगाच फाटे फोडत बसली आहे.

बालवाडी नुकतीच सुटली. हजेरीच्या वहीचे मागचे कोरे कागद फाडून मी लिहायला बसले आहे. या वहीत यंदा पाच पल्लवी आहेत. मोठी पल्लवी, बारकी पल्लवी, चष्मेवाली पल्लवी, डोंगरावरची पल्लवी आणि एक नुसतीच रडकी पल्लवी. स्वप्नील तीन. म्हणून परवा तू म्हणालीस, की हाक मारल्यावर पाच जणी वळतील असं नाव मला नको, जुनं दणकट नाव हवं, तेव्हा मला बरं वाटलं. शोभतेस माझी, असं मनात आलं. आणि मग तू ती दोन नावं सांगितलीस.

पहिलं रत्नप्रभा. का, तर ते तुझ्या आईचं नाव. त्याला विमलाताईंनी हरकत घेतली. जिवंत माणसाचं नाव पाळण्यात घालत नाहीत, त्या माणसाचं आयुष्य तुटतं, आणि शिवाय उद्या पोरीच्या पाठीत धपाटा घालताना विहीणबाईंचं नाव कसं घ्यायचं? बाई बोलायला फटकळ आहेत, पण मनाने वाईट नाहीत. मग तू दुसरं नाव काढलंस, शेवंती. माझी धाकटी बहीण, जी लहानपणीच तापाने गेली. तिचं नाव ठेवलं तर तुला बरं वाटेल ना गं, असं तू मला विचारलंस. सुलक्षणा आत्या आहे, कानात नाव सांगायचा मान तिचा, पण तीही म्हणाली, वहिनी सांगेल ते नाव मी सांगेन. आणि वहिनी म्हणाली, माझी आई सांगेल ते. बारसं येत्या मंगळवारी. सगळ्यांनी मिळून चेंडू माझ्याकडे टोलवलात आणि मी पळून आले.

पण खरं तर मी मंगळवारी पळाले नाही, शुक्रवारीच पळाले होते. बाळ जन्मलं त्या दिवशी नर्सने तिला आणून आधी माझ्या हातात दिलं, आठवतं? मी तिला नीट बघायला पदर बाजूला केला, तर तिच्या उजव्या कानाच्या वर, कान जिथे गालाला लागतो तिथे, टाचणीने टोचल्याएवढं एक छिद्र. विमलाताई वाकून म्हणाल्या, हे आमच्याकडे कुणाला नाही हो, हे तुमच्याकडचं दिसतंय. आणि तू थकलेली असून हसत म्हणालीस, आई, दाखव गं तुझा कान. खोलीतली सगळी माणसं माझ्या कानाकडे बघायला लागली. मी पदर कानावरून ओढून घेतला आणि पंख्याचा वारा लागतोय म्हणाले. माझ्या कानाला ते छिद्र नाही. तुझ्याही नाही. पण ते कुणाला होतं हे मला माहीत आहे. ते सांगायचं तर भांड्यांपासून सुरुवात करावी लागेल.

तू अक्षरं शिकलीस ती पाटीवर नव्हे, आपल्या फळीवरच्या भांड्यांवर. मी स्वयंपाक करायची आणि तू पितळी डबा मांडीवर घेऊन कोरलेल्या अक्षरांवर बोट फिरवायचीस. सौ. रत्नप्रभा गुणाजी घाडी. 'र' तुला पहिला आला तो तिथून. आईचं नाव डब्यावर आहे, तांब्यावर आहे, घंगाळावर आहे, असं तू आळीभर सांगत फिरायचीस. त्या नावाखाली तारीखही कोरलेली आहे, ती कुणी तुला वाचून दाखवली नाही, आणि तूही कधी विचारलं नाहीस. अकरा मे अठ्ठावन्न. माझं लग्न एकसष्ट सालचं आहे, प्रेमा. ती भांडी माझी नाहीत. मी तुझ्या बाबांची दुसरी बायको.

पहिली बायको कोण, ते भांड्यांवर लिहिलंच आहे. ती साठ सालच्या दिवाळीनंतर काविळीने गेली, लालबागच्या खोलीत. बावीस वर्षांची होती. तिचं वर्षही झालं नव्हतं तेव्हा तुझ्या आजीने, सोनूबाईंनी, गावाकडे सांगावा धाडला आणि मला बघितलं. मी सातवी पास, काळीसावळी, जिभेला हाड नसलेली, वीस वर्षांची घोडी. दशरथदादाला माझं लग्न कधी एकदा उरकतं असं झालेलं. मला मुंबई बघायची होती, हे खोटं कशाला सांगू? बिजवर असला तरी गिरणीत कायमचा आहे, एवढं ऐकून मी हो म्हटलं.

लग्नाच्या संध्याकाळी परातीत तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायचं असतं. बायका भोवती कोंडाळं करून बसल्या होत्या. मी मनात म्हणत होते, काय असेल, सुमती असेल, कुसुम असेल. तुझ्या बाबांनी अंगठी धरली आणि एका दमात लिहून टाकलं. जराही हात अडखळला नाही. त्यांना ते अक्षर सवयीचं होतं. मी वाचलं, रत्नप्रभा. मागे एक बाई हळूच 'अगो बाय माझे' म्हणाली. मला तेव्हा कळलं नाही. चार दिवसांनी लालबागला आले, फळीवर भांडी बघितली आणि कळलं.

आजीला मी विचारलं. भांडले म्हण ना. नवी नवरी, पण मला कुठे गप्प बसवतं? आजी शांतपणे म्हणाल्या, भांड्यांवर नाव आहे, रेशनकार्डावर नाव आहे, कशाला सगळं बदलायचं? मग आवाज खाली आणून म्हणाल्या, कोवळं पोर मागे ठेवून गेलेली बाई लांब जात नाही. घरात तिच्या नावाची हाक चालू राहिली, की तिला वाटतं आपण आहोतच, मग ती पोरीसाठी फिरत येत नाही. आजी वाईट नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यांनी एका बाईला थोपवून धरायला दुसरीला दारात उभं केलं आणि तिचं नाव त्या दाराला लावून टाकलं.

आता तुला कळलंच असेल. ते पोर तू. मी लालबागच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस आणि भिंत धरून उभी राहत होतीस. भिंत सोडून माझ्या निऱ्या धरल्यास. मी तुला नऊ महिने पोटात वागवलं नाही, प्रेमा. तुला जन्म दिला रत्नप्रभाने. तुझं प्रेमा हे नावही तिनेच हट्टाने ठेवलं, असं आजी सांगायच्या. पंचवीस वर्षं मी हे वाक्य मनात जुळवते आहे, आणि लिहायला गेले तर ते एवढंसं निघालं.

त्याच एकसष्टच्या दिवाळीत बाबांनी लालबागची खोली सोडली आणि आपण भटवाडीत आलो. इथे आपल्याला कुणी ओळखत नव्हतं. रेशनकार्ड इथल्या कचेरीत बदलून आणलं, त्यात एका अक्षराचीही खाडाखोड करावी लागली नाही. एक बाई गेली, एक आली, सरकारच्या लेखी कुणी गेलंच नाही. तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईचं नाव रत्नप्रभा, तेही खरंच. तू तीन वर्षांची असताना आजी गेल्या. मग हे ठाऊक असलेले राहिलो मी, बाबा आणि दशरथदादा. कुणाला खोटं बोलायची वेळच येत नव्हती, नावच सगळं सांभाळून घेत होतं.

पण राहायचं मला होतं त्या नावात. पहिली काही वर्षं कुणी खालून 'रत्नप्रभाबाई' अशी हाक मारली की मी लगेच ओ द्यायची नाही. एक क्षण थांबायची. ती देते का ओ, ते बघायला. हसू नकोस. भरदुपारी, नळाला पाणी आलेलं, बायकांचा कलकलाट चाललेला, आणि मी हातात हंडा घेऊन मेलेल्या बाईच्या उत्तराची वाट बघत उभी. तुझे बाबा गिरणीतून येऊन 'रत्ने, चहा टाक' म्हणायचे, त्यात कधीकधी एक वेगळाच मऊपणा यायचा. मग मी चहा टाकायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही. मला कळायचं, ही हाक माझ्या अंगावरून पुढे कुणाकडे तरी गेली. माझ्या गळ्यातला चांदीचा टाक तुला आठवतो, ज्यावर बाईचं रूप आहे? कुलदेवीचा म्हणून तुला सांगितलं होतं. तो तिच्या नावाचा. दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात घालतात. दात येत असताना तू तोच तोंडात घालून चावायचीस. मी काढून घेतला की आकांत करायचीस.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला बाबा एक दिवस खाडा करायचे, ते तुला आठवत नसेल. तू शाळेत गेलीस की भटजी यायचे. मीच रांधायची, मीच पान वाढायची. भटजी मोठ्याने नाव घ्यायचे, रत्नप्रभा, आणि ते नाव धारण करणारी बाई समोर ओचे खोचून वड्यांचं ताट धरून उभी. पहिल्या वर्षी भटजी गोंधळले, त्यांना वाटलं नाव सांगण्यात चूक झाली. बाबा म्हणाले, बरोबर आहे, घ्या पुढे. कावळा शिवेपर्यंत मी खिडकीतून हलायची नाही. मला सारखं वाटायचं, तिने माझ्याकडे बघून खाल्लं नाही तर? बाबा गेल्यावर ती नवमीही बंद झाली, नवऱ्यामागे ती करत नाहीत. तीन वर्षं झाली, तिच्या नावाने आता कुणी काही करत नाही.

तू म्हणशील, मग माझ्यावर तू माया केलीस ती खरी का तिच्या भीतीने? खरं सांगते. पहिलं वर्षभर भीतीने. तुला जरा ताप आला की मी त्या फळीकडे बघून म्हणायची, बाई, मी काही केलं नाही. मग तुला गोवर निघाला आणि मी दहा दिवस तुझ्याजवळून हलले नाही, तेव्हा मधेच कधीतरी मी फळीकडे बघायचं विसरले. मला स्वतःचं मूल झालं नाही. लोक हळहळले, मी फारशी हळहळले नाही. मला तुझ्यात वाटेकरी नको होता, तिच्यासकट.

आणि आता मी जे सांगणार आहे त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू सात वर्षांची होतीस. मे महिना होता, तू उंबऱ्याशी काड्यापेट्यांचं घर बांधत होतीस. काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ चढ चढून आले, काखेत पिशवी, धापा टाकत. तुला फणसपोळी दिली, तुझ्या गालावरून हात फिरवला, ते आजोबा तुला अंधुक आठवतात असं तू एकदा म्हणालीही होतीस. दूरचे काका म्हणून मी सांगितलं होतं. ते धाकूआजोबा, रत्नप्रभाचे वडील. तुझे आजोबा. त्यांना मी ओळखत नव्हते, त्यांनीही मला कधी पाहिलेलं नव्हतं. जावयाने दुसरं लग्न केलं एवढंच त्यांच्या कानावर होतं. दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "बाय, रत्नप्रभाचा घर ह्याच मां?" आणि मी पदराला हात पुसत, सवयीने, चटकन म्हणाले, हो, मीच रत्नप्रभा.

म्हातारा मटकन पायरीवर बसला. टोपी काढून घाम पुसला, तेव्हा उजव्या कानावरचं ते छिद्र मी पाहिलं. आजी सांगायच्या, की रत्नप्रभाच्या कानावर तस्संच होतं, वडिलांवरून आलेलं. मग मला कळलं, मी कुणाला काय बोलून बसले ते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मगे माझा चेडू खंय गेला गो?" मुलगी मेली हे त्यांना ठाऊक होतंच. सात वर्षं झाली होती. पण तिचं नावसुद्धा तिच्याकडे राहिलेलं नाही, हे त्यांना त्या पायरीवर कळलं. मी पाणी दिलं, जेवायला वाढलं. ते जेवले, तुला मांडीवर घेतलं.

निघताना मी पेटीतून तिचा फोटो काढला. एकच होता, लग्नानंतर परळच्या स्टुडिओत दोघांनी काढलेला. तो मी त्यांच्या पिशवीत घातला. गेली अठरा-एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, की म्हाताऱ्यावर दया आली म्हणून दिला. ते अर्धंच खरं आहे. मला तो घरातून घालवायचा होता. कधीतरी पेटी उघडून तू विचारशील, ही कोण, बाबांच्या शेजारी? तुझा चेहरा तिच्यासारखाच आहे, कुणीही ओळखलं असतं. तुझ्या आईचा चेहरा मी तुझ्यापासून काढून घेतला आणि दुसऱ्याच्या हातात दिला. बाबांनी पुढे एकदा पेटी सगळी उपसली. मी विचारलं, काय शोधताय? म्हणाले, काही नाही. दोघांनी मिळून कपडे पुन्हा घड्या घालून ठेवले. धाकूआजोबा परत कधी आले नाहीत. त्यांचं गाव आचऱ्याच्या अलीकडे आहे, घराचा पत्ता मी पत्राच्या शेवटच्या कागदावर वेगळा लिहिला आहे. आजोबा आता नसतील, पण तुझे मामा असतील. फोटो त्यांच्याकडे असेल. मागून घे, तो तुझा आहे.

बाबांनी मला शपथ घातली नव्हती. शपथबिपथ घालण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. तुझं लग्न ठरलं तेव्हा मी म्हटलं, आता पोरीला सांगूया, सासरी जाते आहे. ते बिडी पेटवत म्हणाले, सांगितलंस तर तिची आई मरेल. आत्ता तिचं कुणीच मेलेलं नाही. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. जिची आई मरणार होती ती पोर नटूनथटून आरशासमोर उभी होती आणि म्हणत होती, आई, माझ्या निऱ्या नीट कर.

आता राहिली शेवंती. तुला नऊ-दहा वर्षं असतील. दशरथमामा आला होता, आंबे घेऊन. खालूनच त्याने जोरात हाक मारली, शेवंते, अगो शेवंते, पेटी धर! तू मला विचारलंस, शेवंती कोण? नावं बदलण्याची गोष्ट सांगायची तर परात आली, तांदूळ आले, आणि मग भांडी आली असती. मी घाबरले. तोंडाला आलं ते बोलले, माझी धाकटी बहीण होती, लहानपणी तापाने गेली, मामाच्या तोंडात अजून तिचंच नाव बसलंय. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू मला मिठी मारलीस आणि माझंच मला सांत्वन केलंस. मला बहीण नव्हती, प्रेमा. शेवंती मीच. परातीत तांदळाखाली गेलेलं माझं नाव तेच. दशरथदादाला मी त्या दिवशी बजावलं, पुन्हा त्या नावाने हाक मारायची नाही. पुढे त्याने खरंच मारली नाही. तू मात्र दर वर्षी अक्षय्य तृतीयेला माझ्या त्या बहिणीसाठी एक आंबा वेगळा काढून ठेवायचीस. तो मी दुसऱ्या दिवशी खायची.

मंगळवारपर्यंत मी हे सगळं गिळून टाकणार होते. 'शेवंती ठेव' म्हटलं असतं की विषय संपला असता, तू खूश, विमलाताई खूश. पण तू 'तुझं नाव' म्हणून मोठ्या मायेने रत्नप्रभा म्हणालीस, आणि कुशीत ते कानाचं छिद्र घेऊन बाळ पडलेलं. मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली नाही, कीव आली. तिची मुलगी मी घेतली, भांडी घेतली, नवरा घेतला, तिच्या मरणाची आठवणसुद्धा पुरून टाकली. तिच्या नातीचं बारसं तरी मी घेऊ नये, असं वाटलं. म्हणून हे पत्र. शनिवारी तुझ्या हातात पडेल. मी मंगळवारी बारशाला यावं असं वाटलं, तर नंदकिशोररावांना खालच्या दुकानात फोन करायला सांग, सोमवारी दिवसभर मी कुठे जाणार नाही. नको वाटलं तर फोन करू नकोस, मी समजेन, रागावणार नाही. फक्त नावाचं माझं म्हणणं ऐक. विमलाताईंचा नियम मोडू नकोस, तो चांगला आहे, जिवंत माणसाचं नाव पाळण्यात घालायचं नाही. सुलक्षणाला रत्नप्रभा सांग. शेवंती ठेवता यायची नाही, ती जिवंत आहे.

तुझीच,
शेवंती